साखरेच्या बेटावरील बिनसाखरेचा पेला

भूगोलाचा नकाशा समोर पसरून पुण्यावर बोट ठेवावें, आणि तें वर-खालीं ढळूं न देतां पश्चिमेकडे सरळ नेत जावें. अरबी समुद्र, अरबस्तानचें वाळवंट, तांबडा समुद्र, सुदान, सहारा इतकें ओलांडून बोट अटलांटिक महासागरांत उतरतें. आणि तोही महासागर संपला म्हणजे जें पहिलें मोठें शहर बोटाखालीं येतें, तें पोर्तो रिको बेटाची राजधानी सान हुआन. पुण्याचा अक्षांश १८ अंश ३१ मिनिटें, तर सान हुआनचा १८ अंश २८ मिनिटें. मध्यें अर्धी पृथ्वी पसरलेली असली तरी सूर्य दोन्ही गांवांच्या माथ्यावरून सारख्याच तिरपेपणानें जातो. म्हणूनच की काय, विमानतळाबाहेर पाऊल टाकतांच आम्हांस परमुलुखांत आल्यासारखें वाटलें नाहीं. समोर नारळ, केळी, आंबा, जास्वंद व गुलमोहर अशी सगळी ओळखीची मंडळी उभी. फक्त त्यांच्या छायेंत चाललेलें बोलणें तेवढें स्पॅनिश!

आमचा भाचा तेथील एका औषधांच्या कारखान्यांत रसायनशास्त्रज्ञ आहे. पोर्तो रिको हें १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यांत आलेलें बेट असून औषधनिर्मितीचे पुष्कळ कारखाने तेथें आहेत. भाचा व भाचेसून यांच्या आग्रहावरून मी, आमच्या सौभाग्यवती व आमचे थोरले बंधू अण्णा असे तिघे जण गेल्या हिंवाळ्यांत तेथें महिनाभर राहून आलों. अण्णांचें वय शहात्तर. गेलीं बावीस वर्षें त्यांस मधुमेह आहे. तो त्यांनीं इतक्या शिस्तीनें सांभाळला आहे की, डॉक्टर इतर रोग्यांस त्यांचें उदाहरण देतात. परंतु या शिस्तीची घरानें त्यांच्याकडून जी किंमत घेतली आहे, तिच्याविषयीं थोडें पुढें लिहावयाचें आहे. आणि खरें पाहतां हा लेख लिहिण्यास कारण तेंच.

प्रथम गांवाविषयीं. जुनें सान हुआन मुख्य बेटाला पुलांनीं जोडलेल्या एका लहानशा बेटावर वसलें आहे. स्पॅनिश लोकांनीं १५२१ च्या सुमारास येथें आपली वस्ती हलविली व १५३९ पासून समुद्राच्या तोंडाशीं मोरो नांवाचा किल्ला बांधावयास घेतला. १५९५ मध्यें इंग्रजांचा प्रख्यात दर्यावर्दी ड्रेक याच्या आरमारानें हल्ला केला, तेव्हां या किल्ल्याच्या तोफांनीं त्यास परतवून लावलें. आजही तटाच्या कोपऱ्याकोपऱ्यावर पहारेकऱ्यांच्या घुमटीवजा चौक्या समुद्राकडे डोळे लावून उभ्या आहेत. किल्ल्यापुढें हिरव्यागार गवताचें विस्तीर्ण पटांगण आहे. आणि व्यापारी वारे तेथें असे अखंड वाहतात की, सायंकाळीं लहानथोर सर्वांच्या हातांत पतंगाची दोरी दिसते. गांवांतील गल्ल्या निळसर विटांनीं मढविलेल्या आहेत. लोखंडाच्या भट्ट्यांतील मळीपासून बनविलेल्या या विटांवर पावसाची सर पडून गेली म्हणजे सारा रस्ता मोरपिसासारखा चमकतो. दोहों बाजूंस पिवळीं, गुलाबी, निळीं घरें व त्यांचे लाकडी सज्जे. ज्यांनीं पणजीचा फोंतेन्याश हा भाग पाहिला आहे त्यांस या गल्ल्यांतून हिंडतांना गोमंतकाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं.

या गांवांत पावलोंपावलीं एक पेय दृष्टीस पडतें. उंच कांचेचा पेला, त्यांत दुधासारखा पांढरा पिवळसर घट्ट बर्फाळ रस, कडेला अननसाची फोड खोंवलेली. नांव ‘पिन्या कोलादा’, म्हणजे शब्दशः ‘गाळलेला अननस’. अननसाचा रस, नारळाची गोड मलई, बर्फ व रम नांवाची उंसाच्या मळीची दारू यांचें हें मिश्रण. १९७८ मध्यें पोर्तो रिकोच्या सरकारनें यास बेटाचें अधिकृत पेय म्हणून मान दिला. त्याचा जनक कोण यावर मात्र गांवांत अजून वाद आहे. १९४९ मध्यें उघडलेल्या कारीबे हिल्टन हॉटेलाचें म्हणणें असें की, आपल्या पेयघरांतील रामोन मारेरो यानें १९५४ मध्यें तें प्रथम सिद्ध केलें. उलट फोर्तालेसा रस्त्यावरील बाराचीना या भोजनगृहाच्या दारावर संगमरवरी पाटी आहे, ती १९६३ सालचा मान रामोन पोर्तास मिंगोत यास देते. आणि ज्या गोड नारळमलईवांचून हें पेय होणेंच नाहीं, ती डब्यांत भरण्याजोगी करण्याची युक्ति ज्यांनीं काढली ते कृषिविद्येचे प्राध्यापकही रामोन लोपेस इरिसारी! आपल्याकडे एका आळींत तीन बंडोपंत असावेत व एका लग्नाच्या जिलबीचें श्रेय तिघांनींही सांगावें, तसाच हा प्रकार.

मला या वादापेक्षां पेल्यांतील वस्तूंचा प्रवास अधिक मनोरंजक वाटला. कोलंबस आपल्या दुसऱ्या सफरीवर १४९३ मध्यें निघाला, तेव्हां त्यानें कॅनरी बेटांतून उंसाचीं कांडें बरोबर घेतलीं. त्याच सफरींत, नोव्हेंबर महिन्यांत, ग्वादेलूप बेटावर त्याच्या लोकांनीं अननस प्रथम पाहिला. आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेस त्याचीं गलबतें पोर्तो रिकोला लागलीं. म्हणजे ऊंस व अननस यांची भेट एकाच सफरींत घडली! उंसाच्या रसापासून खडीदार साखर करण्याची विद्या मूळची आपल्या देशांतील. संस्कृत ‘शर्करा’ हा शब्द फारसी व अरबी मुखांतून फिरत फिरत स्पेनांत गेला व तेथें ‘आसूकार’ झाला. सान हुआनच्या वाण्याच्या दुकानांत पुड्यावर तो शब्द वाचतांना, परदेशीं वाढलेल्या नातवाच्या चेहऱ्यांत पणजोबांचें नाक ओळखूं यावें तसें मला वाटलें.

नारळाची कथा तर याहूनही जवळची. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर नारळ मूळचा नव्हे. १५४९ मध्यें केप व्हर्ड बेटांतील एका धर्माधिकाऱ्यानें तो पोर्तो रिकोंत आणला असें सांगतात. आणि केप व्हर्डला तो पोर्तुगीजांनीं आपल्या हिंदी महासागराकडून नेलेला. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानेंही कॅरिबियन समुद्रांतील नारळांचें कूळ हिंदी महासागराच्या शाखेशींच जुळतें असें दाखविलें आहे. याच्या उलट अननस तिकडून आपल्याकडे आला. त्याचें मराठी नांवही दक्षिण अमेरिकेंतील तुपी भाषेंतून पोर्तुगीजांच्या तोंडून आलेलें. जहांगीर बादशहानें आपल्या आठवणींत, फिरंग्यांच्या बंदरांतून आलेलें हें फळ आग्र्याच्या बागेंत पिकूं लागल्याचें मोठ्या कौतुकानें लिहून ठेविलें आहे. तेव्हां आम्ही ज्यास परदेशीं पेय म्हणून पाहत होतों, त्यांतील साखरेची विद्या आपली, नारळ आपल्या समुद्राचा, आणि अननस आपल्याकडे पाहुणा येऊन घरजांवई झालेला!

परंतु या गोड कथेची एक बाजू अत्यंत कडू आहे. ऊंस या बेटावर रुजला तो आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. २२ मार्च १८७३ रोजीं येथील गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. पुढें अमेरिकन अंमल आल्यावर मोठमोठ्या साखर कंपन्यांनीं किनाऱ्याकडील उत्तम जमीन उंसाखालीं आणली व कित्येक पिढ्यांचें जीवन गळिताच्या हंगामावर टांगलें गेलें. आज तो धंदा मावळला आहे. शेवटचे साखरकारखाने या शतकाच्या आरंभीं बंद पडले, आणि रमसाठीं लागणारी मळीसुद्धां बहुतेक बाहेरून आणावी लागते. साखर गेली, पण साखरेची संवय राहिली. मधुमेहाचें प्रमाण या बेटावर फार मोठें आहे. आमच्या भाच्याच्या आळींत असें घर विरळा, ज्यांत कोणी ना कोणी इन्सुलिन टोचून घेत नाहीं. साखरकारखान्यांच्या चिमण्या पाहत वाढलेल्या आपल्या महाराष्ट्रांतील वाचकांस याहून अधिक कांहीं सांगावयास नको.

आतां अण्णांकडे वळतों. एकत्र कुटुंबांत ज्याला मधुमेह होतो, त्याला औषधाचा त्रास थोडा व पंक्तीचा अधिक. श्रावणांत पुरण, गणपतींत मोदक, दिवाळींत करंज्या. कोणाचें बारसें, कोणाची मुंज. प्रत्येक वेळीं वाढणारी त्याच्या पानापाशीं येऊन थबकते, आणि सगळ्यांच्या देखत म्हणते, “तुम्हांला नको ना?” त्या प्रश्नांत प्रेमच असतें, परंतु बावीस वर्षें तो प्रश्न ऐकलेल्या माणसास पंक्तींत बसून पंक्तीबाहेर असल्यासारखें वाटूं लागतें. अण्णा तोंडानें कधीं बोलले नाहींत. मात्र अलीकडे सणाच्या दिवशीं ते “मला भूक नाहीं, तुम्ही बसा, मी मागाहून बसेन” असें म्हणूं लागले होते; आणि आम्ही सर्व जण तें खरें मानण्याचा शहाणपणा दाखवीत होतों.

सान हुआनमध्येंही तेंच चाललें. किल्ला पाहून आलें की मंडळी एखाद्या सज्जाखालीं बसून गार पेला मागवीत. पेयघरांत रम न घालतां हें पेय सहज मिळतें व मुलेंबाळेंही तें घेतात. आमच्यापैकीं बाकी सर्वांपुढें तो पेला, अण्णांपुढें पाण्याची बाटली. ते म्हणत, “मला समुद्र पुरे आहे.”

६ जानेवारीस तेथें ‘तीन राजांचा’ सण असतो. येशूच्या दर्शनास आलेल्या तीन ज्ञानी राजांचा हा दिवस तेथील लोक नाताळाइतक्याच हौसेनें पाळतात. मुलें आदल्या रात्रीं राजांच्या उंटांसाठीं खोक्यांत गवत भरून ठेवितात व सकाळीं त्या जागीं खाऊ शोधतात. भाच्याच्या शेजारीं एक वृद्ध बाई राहतात. त्यांनीं आम्हां सर्वांस त्या दिवशीं बोलाविलें. अण्णांनीं पेला नाकारून पाणी मागतांच त्या क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या, आणि मग भाच्याकडे वळून म्हणाल्या, “यांनाही साखरेचा आजार ना? मलाही आहे. बारा वर्षें मी हें करून सर्वांना पाजतें आणि स्वतः कॉफी घेतें.” भाच्यानें हें मराठींत सांगितलें. अण्णा हंसले. एकमेकांची भाषा न येणाऱ्या त्या दोन म्हाताऱ्या माणसांची ओळख एका शब्दाचीही गरज न लागतां झाली.

दुसऱ्याच दिवशीं भाचेसून व त्या आजीबाई यांनीं मिळून बिनसाखरेचा पेला करण्याचें मनावर घेतलें. आमच्या भाच्यानें आधीं हिशेब मांडला. हॉटेलाच्या प्रसिद्ध कृतींत सुमारें १८० मि.लि. अननसाचा रस, ३० मि.लि. गोड नारळमलई व तितकीच दुधाची साय असते. रसांत सुमारें २३ ग्रॅम कर्बोदकें. डब्यांतील गोड नारळमलई म्हणजे जवळजवळ निम्मी साखरच. शंभर ग्रॅममध्यें ५३ ग्रॅम कर्बोदकें, तेव्हां त्या दोन चमच्यांतून आणखी वीस ग्रॅम. एकूण ४४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचे अकरा चमचे साखर! रममध्यें मात्र साखर मुळींच नसते, कारण ती भट्टींतून वाफ करून उतरविलेली असते व साखर मागें भांड्यांतच राहते. दोष आहे तो डब्यांतील मलईचा व रसाच्या परिमाणाचा. नुसत्या नारळाच्या दुधांत शंभर ग्रॅमला तीन ते साडेपांच ग्रॅमच कर्बोदकें असतात.

हें ऐकून भाचेसुनेनें गोड मलईऐवजीं फ्रीजमधील साधें नारळाचें दूध, थोडा अननस व पुष्कळसा बर्फ एकदम मिक्सरमध्यें फिरविला. निघाला तो प्रकार पाहून आजीबाईंनीं कपाळास हात लावला. खालीं पाणी, वर चुरा झालेला बर्फ, आणि जिभेला मेणाच्या कण्यांसारखे लागणारे खोबरेलाचे दाणे! अननसही जीभ चावूं लागला.

यांतील प्रत्येक दोषास कारण आहे आणि तें जाणून घेणें गृहिणींच्या उपयोगाचें आहे. पहिलें असें की, साखर केवळ गोडीसाठीं नसते. पाण्यांत साखर विरघळली म्हणजे त्याचा गोठण्याचा बिंदु खालीं उतरतो, त्यामुळें बर्फाचे कण बारीक व मऊ राहतात. दारूही तेंच काम करते. दोन्ही काढून घेतल्यावर पाण्याचा टणक बर्फ होणारच. दुसरें, नारळाची चरबी सुमारें २४ अंशांखालीं थिजते. थंड दूध बर्फावर फिरविलें तर लोण्यासारखे तिचे कण वेगळे पडतात. तिसरें, कच्च्या अननसांत प्रथिनें फोडणारें ब्रोमेलिन नांवाचें द्रव्य असतें. त्यानें जीभ चुरचुरते व दूध किंवा साय घातल्यास तीं कडू होतात. आपल्या बायका अननस शिजवूनच शिऱ्यांत घालतात, त्यांतील शहाणपण हेंच. उष्णतेनें तें द्रव्य निकामी होतें. चवथें, थंडीनें जिभेची गोडी जाणण्याची शक्ति मंदावते. म्हणूनच बर्फाळ पदार्थांत एरव्हींपेक्षां अधिक साखर ओतलेली असते. वितळलेलें आइस्क्रीम खाऊन पाहिलें म्हणजे याची खात्री पटते.

तीन दिवसांच्या खटपटीनंतर जी कृति ठरली ती एका पेल्याच्या मापानें देतों. नारळ खवून, कोमट पाणी घालून, पिळून काढलेलें दाट दूध सुमारें १२० मि.लि. घ्यावें. त्यांतील अर्धें दूध बर्फाच्या साच्यांत ओतून गोठवावें. उरलेलें बाहेर, साध्या उष्णतेंतच ठेवावें. पिकलेल्या अननसाच्या ४० ग्रॅम फोडी, म्हणजे लहान चार-पांच, वाफेवर पांच-सात मिनिटें ठेवून, निववून, त्याही गोठवाव्या. पाण्याच्या बर्फाचें काम अशा रीतीनें फळ व नारळच करतात, आणि चव पातळ होत नाहीं. मिक्सरमध्यें आधीं बाहेर ठेविलेलें दूध, शहाळ्याची कोंवळी मलई दोन चमचे, लिंबाचा रस एक चमचा, चिमटीभर मीठ व स्टीव्हियाच्या पानांच्या अर्काचे कांहीं थेंब एकत्र फिरवून एकजीव करावें. चरबी येथेंच नीट मिसळते. मग गोठलेल्या फोडी व नारळदुधाचे खडे घालून थांबत थांबत फिरवावें, आणि लगेच प्यावयास द्यावें. हा पेला फार वेळ ठेवण्याचा नव्हे.

शहाळ्याची मलई ही आजीबाईंची युक्ति. साखर गेल्यानें जो दाटपणा गेला होता, तो तिनें भरून काढला. स्टीव्हिया ही पाराग्वे देशाकडील वनस्पति. तेथील ग्वारानी लोक तिचीं गोड पानें पूर्वींपासून वापरीत आले आहेत. तिचा अर्क जास्त झाला तर मागाहून कडवट लागतो, म्हणून थेंब मोजूनच घालावे. मीठ व लिंबू तो कडवटपणा झांकतात. हिशेबानें या पेल्यांत सुमारें १२ ग्रॅम कर्बोदकें येतात, म्हणजे मूळच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. चव मूळच्याहून कमी गोड, पण नारळाची अधिक. खरें सांगावयाचें तर आमच्या सौभाग्यवतींस हीच जास्त आवडली.

दोन गोष्टींची सूचना देणें अवश्य आहे. साखर कमी झाली म्हणून पेला निरुपद्रवी झाला असें कोणीं समजूं नये. नारळाच्या दुधांत चरबी पुष्कळ असते. तेव्हां हा रोजचा पदार्थ नव्हे, सणाचा आहे, आणि डॉक्टरांस विचारूनच घ्यावा. दुसरी गोष्ट दारूसंबंधीं. आमच्या घरीं तिचा प्रश्नच नव्हता. परंतु परदेशीं राहणारीं आपलीं मुलें आज सर्वत्र आहेत, म्हणून लिहितों. अंगांतील साखर उतरूं लागली म्हणजे यकृत ती नव्यानें तयार करून सांवरून धरतें. मद्य यकृताच्या या कामांत अडथळा आणतें. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेणाऱ्या माणसानें उपाशीपोटीं मद्य घेतल्यास साखर धोकादायक रीतीनें खालीं जाऊं शकते, आणि ती कधीं कधीं कित्येक तासांनीं, झोपेंत जाते. वरून त्याची लक्षणें नशेसारखींच दिसतात, म्हणून जवळच्यांसही फसवितात. पेल्यांतील साखर काढून रम तेवढी ठेवणें म्हणजे अशा रोग्याच्या बाबतींत एक संकट घालवून दुसरें बोलावणें होय.

चवथ्या दिवशीं संध्याकाळीं आजीबाईंच्या अंगणांत आम्ही सर्व बसलों होतों. कोकी नांवाचे अंगठ्याएवढे बेडूक तेथें अंधार पडतांच शीळ घालावयास लागतात. त्यांचा आवाज सुरू झाला होता. भाचेसुनेनें एकाच प्रकारचे सात पेले भरून आणले. मुद्दाम निराळा असा कोणाचाच नव्हता. तिनें पहिला अण्णांपुढें ठेविला आणि कांहीं न विचारतां पुढें गेली. अण्णांनीं तो बराच वेळ हातांत धरून ठेविला. मग एक घोट घेऊन म्हणाले, “गार आहे.” एवढेंच. पेला मात्र त्यांनीं तळ दिसेपर्यंत संपविला. आजीबाई ‘ब्वेन प्रोवेचो’ म्हणाल्या. जेवणाऱ्यास उद्देशून म्हणावयाचा हा तिकडचा शब्द. आपल्याकडील ‘सावकाश होऊं द्या’ याचाच तो सख्खा भाऊ. रात्रीं दोन तासांनीं साखर पाहिली तेव्हां ती फारशी चढलेली नव्हती. एका माणसाच्या एका दिवसाच्या आंकड्यावरून शास्त्र सिद्ध होत नाहीं, हें भाच्यानें बजावून सांगितलें, आणि ज्यानें त्यानें आपापल्या यंत्रावर पडताळा पहावा हेंच योग्य.

परत आल्यापासून मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. आपल्या घरांतून पथ्याची काळजी कमी नसते. परंतु पथ्य म्हणजे रोग्याच्या पानांतून कांहीं उचलून घेणें, एवढाच आपण त्याचा अर्थ करतों. त्याच्यासाठीं सर्वांच्या पानांत थोडा फरक करावा, हें आपणांस सहसा सुचत नाहीं. सासूबाईंस चातुर्मासांत कांदा वर्ज्य असला तर सगळ्या घराची भाजी बिनकांद्याची होते. तेव्हां कोणी त्यांना एकट्यांना बाजूस बसवीत नाहीं. व्रतासाठीं जें आपण आनंदानें करतों, तें दुखण्यासाठीं करावयास काय हरकत आहे? विज्ञानानें आज साधनें पुष्कळ दिलीं आहेत. प्रश्न साखरेचा नसून पंक्तीचा आहे.

यंदा चैत्रांत आमच्या घरीं हळदीकुंकू झालें. पन्ह्याबरोबर सुनांनीं हा पेलाही केला. कोंकणांतून आलेले नारळ व बाजारांतला अननस यांवर तो येथेंही उत्तम साधला. ओसरीवर पुरुषमंडळींसाठीं तबक आलें. वाढणारी आमची धाकटी नात, नऊ वर्षांची. ती अण्णांपाशीं येऊन थबकली नाहीं, कीं तिनें कांहीं विचारलें नाहीं. सर्वांसारखाच एक पेला त्यांच्या हातीं देऊन ती पुढच्याकडे वळली. त्या दिवशीं अण्णा पहिल्या पंक्तीलाच जेवावयास बसले.